देवाचा आवाज कुणाचा?

दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ हा मूकपट १९१७ साली पडद्यावर आला. राम दिसला की लोक पायातल्या चपला काढत, हात जोडत, असं त्या काळच्या प्रेक्षकांनी सांगून ठेवलं आहे. त्यातला राम आणि सीता, दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच माणसाने केल्या होत्या. फाळक्यांना तो मुंबईतल्या एका हॉटेलात काम करताना भेटला होता. मग ते नमस्कार कुणाला पोचले? साळुंक्यांना, फाळक्यांना, पांढऱ्या कापडाला की रामाला?

हा प्रश्न मला पोथी वाचून पडलेला नाही. मी नगरमध्ये सिनेमाचा ऑपरेटर होतो. केबिनमध्ये मशीनची घरघर इतकी असते, की आतला स्पीकर बंद ठेवला तर बोलपटही मुका होतो. पुढच्या छोट्या काचेतून मी अनेक संतपट आणि पौराणिक चित्रपट तसेच पाहिले. पडद्यावरच्या विठोबाचे ओठ हलत आणि त्याचे शब्द मला माझ्या आजीच्या पाथर्डीकडच्या बोलीत ऐकू येत. खाली बसलेल्या सगळ्यांना मात्र तोच विठोबा एका नटाच्या आवाजात ऐकावा लागे.

मूकपटाच्या काळात माझ्यासारखं भाग्य प्रत्येक प्रेक्षकाला होतं. मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत, वाचता येणारा शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवी. पण दोन पाट्यांच्या मधला राम ज्याचा त्याचा होता. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) फाळक्यांनी आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते. फाळक्यांनी काहीच लपवलं नाही. ही माझी पोर आहे हे आधी दाखवलं, तरी भक्ती अडली नाही. फसवणूक झालेला माणूस असा नमस्कार करत नाही. त्या मुक्या चित्रातली मोकळी जागा लोकांनी आपल्या श्रद्धेने भरली होती.

वार्तापटांचंही तसंच. १९२० च्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले आणि मुंबईतल्या त्यांच्या अंत्ययात्रेचं चित्रण झालं. त्या फिल्मला आवाज नव्हता. गर्दी पाहणाऱ्याने आपलाच हुंदका त्या गर्दीला दिला. पुढे वार्तापट बोलू लागले तेव्हा कुणी दुःखी व्हायचं आणि कुणी अभिमान बाळगायचा, हे निवेदक सांगू लागला.

प्रोजेक्टरची एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. फिल्म सलग पळत नाही. एक चित्र गेटमध्ये थांबतं, मग शटर प्रकाश अडवतं आणि त्या काळोखात पुढचं चित्र खाली सरकतं. मूकपटात सेकंदाला साधारण सोळा चित्रं, बोलपटात चोवीस. जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळा असतो. शटर काढून टाकलं तर जास्त दिसेल असं वाटतं, पण तसं केलं की सगळ्या चित्राच्या उभ्या रेघा होतात. दिसण्याला जसा हा काळोख लागतो, तसं बोलण्यालाही न बोलणं लागत असलं पाहिजे.

अशा न बोलण्याची एक जागा नगरजवळच आहे, दौंडकडे जाताना लागणारं अरणगावजवळचं मेहेराबाद. तिथे १० जुलै १९२५ रोजी आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. मूकपट यंत्राच्या मर्यादेमुळे मुका होता, बाबांनी मौन स्वतः घेतलं. सुरुवातीला ते लिहीत. १९२७ पासून ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवत आणि जवळचा कुणी ते वाचून सांगे. १९५४ मध्ये पाटीही सोडली, नुसत्या खुणा उरल्या. १९३२ मध्ये लंडनला पॅरामाउंटने त्यांचा वार्तापट काढला. तोवर बोलपट आले होते. बाबा पाटीवर बोट फिरवतात आणि आवाज ऐकू येतो तो त्यांचे इंग्रज अनुयायी चार्ल्स पर्डम यांचा. दरवर्षी १० जुलैला मौन पाळणाऱ्या त्यांच्या कुणाही भक्ताला बाबांच्या तोंडी तो इंग्रजी आवाज लागत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. शांततेत प्रत्येकाला आपलंच मन ऐकू येणार असेल, तर तो देव कसला? मला विठोबाच्या तोंडी माझ्या आजीची बोली ऐकू आली, दुसऱ्या कुणाला त्याचा स्वतःचा राग ऐकू येईल आणि त्यालाच तो देवाची आज्ञा समजेल.

याचं उत्तर मला माझ्याच नगर जिल्ह्यात, नेवाशात सापडतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवर नऊ हजारांहून अधिक ओव्या सांगितल्या. पुढे ‘अमृतानुभवा’त त्यांनी ‘शब्दखंडन’ नावाचं अख्खं प्रकरण घातलं. शब्द आठवण करून देतो म्हणून ते त्याचा आधी गौरव करतात. मग दाखवतात, की जे स्वतःच प्रकाशमान आहे, ज्याला ना आठवणं आहे ना विसरणं, तिथे शब्दाला करण्यासारखं कामच उरत नाही. इतके शब्द तोलून पाहिलेल्या माणसाचा हा निष्कर्ष आहे. मेहेरबाबांनीही मौनात पाटीवरून एकेक अक्षर दाखवत ‘गॉड स्पीक्स’सारखा ग्रंथ सांगितला. दोघांनी शब्द टाकला नाही, त्याला त्याची हद्द दाखवली. मौन आळशाला स्वतःचाच गोंगाट परत देतं. ज्याने आधी ऐकलं आहे, विचार केला आहे, त्याच्याकडे ते नम्रता मागतं.

म्हणून ते नमस्कार रामालाच पोचले, असं मी मानतो. पडद्यावरच्या रामाने कुणाला हुकूम सोडला नव्हता, कुणाविरुद्ध उठवलं नव्हतं. त्याने फक्त समोर उभं राहून प्रत्येकाला आपल्या आतला चांगुलपणा आठवू दिला. आज देवाच्या नावाने बोलणारे आवाज फार झाले आहेत, आणि प्रत्येक जण आपला आवाज देवाच्या ओठांवर बसवतो. ‘देव असं म्हणतो’ असं कुणी ठासून सांगितलं, की हा आवाज कुणाचा, हे विचारायला श्रद्धावान माणसाने कचरू नये. तो प्रश्न विचारणं हाही भक्तीचाच भाग आहे, आणि तो सगळ्यात आधी स्वतःला विचारावा.