सातवा कोण?



संत पौलाला धावण्याच्या शर्यतीचा दाखला आवडतो. करिंथ शहराजवळ इस्थमियाचे खेळ भरत, त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती लोकांना बक्षिसासाठी धावणारा गडी चांगला ठाऊक होता. आज मात्र आपण अशा धावण्याकडे पाहू, जिथे पहिला येण्याला काहीच किंमत नाही.

१९३८ साली क्वालालंपूरमध्ये काही ब्रिटिश नोकरदारांनी ‘हॅश हाउस हॅरिअर्स’ नावाचे मंडळ काढले. आज जगभर त्याच्या शाखा आहेत. एक-दोघे पुढे जाऊन रानात कागदाचे कपटे किंवा पीठ टाकत माग काढतात आणि बाकीचे तो शोधत धावतात. माग मुद्दाम मध्येच तुटतो, खोट्या वाटाही असतात. जोरात धावणारे त्या वाटांवर चुकतात आणि परत फिरतात. तोवर मागचे धापा टाकत येऊन मिळतात. घोळका फुटू नये म्हणून ही सारी खटपट! शेवटी सगळे गोल करून बिअर पितात. (बिअरची भलामण आम्ही करीत नाही. दारूने आपल्याकडे किती घरांची धूळधाण केली, हे मयताला जाणाऱ्या धर्मगुरूला सांगावे लागत नाही.)

मग कोविड आला. इंग्लंडमध्ये १४ सप्टेंबर २०२० पासून सहापेक्षा अधिक जणांनी गप्पागोष्टींसाठी जमण्यास बंदी झाली. आपल्या धर्मग्रामातील एक बंधू तेव्हा तिकडे नोकरीस होते. त्यांचे मंडळ सहा-सहांच्या तुकड्यांनी, वेळ सोडून धावू लागले. नंतर मोकळ्या मैदानात अंतर ठेवून, ज्याने त्याने घरून आणलेलेच प्यायचे.

“नियम आम्ही तंतोतंत पाळला, फादर,” ते आम्हाला सांगत होते. “पण सहा नावे मोबाइलवर पाच मिनिटांत भरायची. एक सत्तरीचे गृहस्थ होते, नेहमी शेवटी पोहोचणारे. त्यांचे नाव कधी लागलेच नाही. नियम उठल्यावरही ते परत आले नाहीत.”

नियम चुकीचा नव्हता. पोप फ्रान्सिस २७ मार्च २०२० रोजी पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात उभे राहिले, तेही लोकांच्या जिवासाठीच. पण संख्या सहावर थांबली म्हणून ‘सातवा कोण?’ हा प्रश्न थांबायला नको होता.

आणि आम्ही तरी काय केले? १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली. बाकांवर खुणा केल्या, नावे घेतली. ज्यांच्या घरी मोबाइल हाताळणारी मुले होती, त्यांची नावे आधी लागली. पासष्टीच्या पुढच्यांनी घरीच राहावे, अशी सरकारी सूचनाही होती. ती आम्ही वाचून दाखवली आणि सुटलो. पुढे चर्च पुन्हा भरले, तेव्हा गर्दी पाहून आम्हाला आनंद झाला. त्या गर्दीत कोण नाही, हे आम्ही मोजले नाही.

करिंथमध्येही असेच घडले होते. प्रभूभोजनासाठी जमत, पण काही जण आधी जेवून, पिऊन मोकळे होत आणि काही उपाशी राहत. पौल त्यांना खरमरीत शब्दांत झापतो. मग उपाय सांगतो तो अगदी साधा: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. शर्यतीचा दाखला देणाऱ्या त्याच पत्रात तो थांबायलाही सांगतो!

गेल्या आठवड्यात आम्ही जुनी कुटुंबनोंद घेऊन काही घरी गेलो. एक आजी म्हणाल्या, “फादर, तेव्हा तुम्ही जागा मोजत होता. मी म्हटलं, माझी जागा कुणा तरुणाला होईल. मग सवयच मोडली.” आम्हाला उत्तर सुचले नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर प्रत्येक आळीतील दोघांनी ऑफिसात थांबावे. नोंदवही तिथे ठेवलेली असेल. ज्यांच्याकडे रिक्षा किंवा गाडी आहे, त्यांनीही यावे.