शंका घेणाराच का हरतो?

टेरेन्स फिशर यांच्या 1958 सालच्या 'ड्रॅक्युला'त गेर्डा नावाची एक मोलकरीण आहे. पडद्यावर ती फार वेळ दिसत नाही, पण कथानक तिच्यापाशी वळते. घरातली तरुण मुलगी ल्यूसी अंथरुणाला खिळली आहे. व्हॅन हेल्सिंगने बजावून ठेवले आहे की रात्री खिडक्या बंद राहिल्या पाहिजेत, खोलीत लसणाची फुले असली पाहिजेत आणि काही झाले तरी ती हलवायची नाहीत. मध्यरात्री ल्यूसी गयावया करते. जीव गुदमरतो आहे, तो वास सोसवत नाही, म्हणते. गेर्डाला तिची दया येते. ती फुले बाहेर नेते, खिडक्या उघडते. सकाळी ल्यूसी मेलेली असते.

आजारी मुलीला मोकळी हवा दिली, एवढाच गेर्डाचा अपराध. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या मूळ कादंबरीत तर हे काम ल्यूसीची सख्खी आई करते. रॉबर्ट एगर्स यांच्या 2024 च्या 'नोस्फेराटू'त तीच जागा फ्रीडरिश हार्डिंग या जहाजबांधणीच्या धंद्यातल्या व्यवहारी माणसाला मिळाली आहे. पिशाच वगैरे ऐकून तो संतापतो, त्या बडबडीला घरात थारा देत नाही, आणि थोड्याच वेळात त्याची गरोदर बायको आणि लहान मुली जिवाला मुकतात. सव्वाशे वर्षांत भीतिपटाने कॅमेरा, रंग, आवाज सगळे बदलले. शंका घेणाऱ्याची शिक्षा तेवढी तशीच राहिली.

ही शिक्षा कथानकाच्या बांधणीतच बसवलेली आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी 1990 च्या 'द फिलॉसॉफी ऑफ हॉरर' या ग्रंथात अशा कथांचा एक सांगाडा मांडला आहे. आधी अरिष्ट येते, मग कोणाला तरी त्याचा उगम सापडतो, मग इतरांची खात्री पटवावी लागते आणि शेवटी सामना होतो. प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तो चौथा टप्पा. पीटर कुशिंग लांबलचक मेजावरून धावत जाऊन पडदा ओरबाडतो, दोन मेणबत्तीदाने आडवी-उभी धरून क्रूस करतो आणि उन्हात ख्रिस्तोफर ली याची राख होते. पण कथेचा कणा तिसऱ्या टप्प्यात आहे. ज्याला कळले आहे तो आणि ज्याला पटत नाही तो, यांच्यातल्या त्या ओढाताणीवरच चित्रपटाचा मधला तास चालतो.

आणि ही ओढाताण सरळ लढत नसते. प्रेक्षकाने ड्रॅक्युलाचे सुळे केव्हाच पाहिलेले असतात, त्यामुळे ल्यूसीचा भाऊ आर्थर होमवुड याचा नकार त्याला विवेक वाटत नाही, हट्ट वाटतो. मग व्हॅन हेल्सिंग थडग्यातून उठलेल्या ल्यूसीच्या कपाळाला क्रूस टेकवतो आणि चर्र करून डाग उठतो. पुढे तिच्या छातीत मेख ठोकली जाते आणि आर्थर वाकून पाहतो, तर बहिणीचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा निर्मळ झालेला असतो. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. मारणे योग्य होते याचा सर्वांत मोठा पुरावा मारल्यानंतर हाती येतो.

मराठी वाचकाला हा सांगाडा परका नाही. नारायण धारपांचा 'समर्थ' हा व्हॅन हेल्सिंगच्याच कुळातला, आणि 'लुचाई'त त्यांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'चा आराखडा इकडच्या मातीत उतरवला. रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर' (1984) मध्ये घराण्याच्या शापाला अंधश्रद्धा म्हणणारा शहरी नायक थेट हवेलीत पाठवला आणि सामरीच्या हाती दिला. 'बंद दरवाजा' (1990) हा तर सरळसरळ व्हॅम्पायरपट. मूल होत नाही म्हणून ठाकुराची बायको काली पहाडीवरच्या नेवला या व्हॅम्पायरकडे जाते आणि मुलगी झाली तर ती त्याची, ही अट मान्य करते. रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले अनिरुद्ध अगरवाल दोन्ही चित्रपटांत राक्षस झाले. हे चित्रपट बावळट आहेत म्हणून त्यांना हसणे सोपे आहे, पण शंका घेणाऱ्याला धडा शिकवण्यात ते लंडनच्या हॅमर कंपनीपेक्षा तसूभरही मागे नाहीत.

पडद्यावर हे सगळे चालून जाते, कारण तिथे पिशाच खरोखरच असते. रायपूरच्या आसपास हेच कथानक पिशाचाशिवाय चालते.

महाराष्ट्रात ज्या दिवशी दिव्याची अवस म्हणून दिवे घासूनपुसून पुजतात, त्या आषाढी अमावास्येला छत्तीसगडमध्ये हरेली असते. तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून ती श्रावणातली अमावास्या. नांगर, कुदळ, विळा धुऊन त्यांची पूजा होते, पोरे बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून हिंडतात. दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात, लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो आणि बाहेरच्या भिंतीवर शेणाने बोटाएवढ्या जाड रेघांची माणसे-जनावरे काढतात. त्यांना सवनाही म्हणतात. शेतीचा हा इतका प्रसन्न सण, पण ही डहाळी, तो खिळा आणि त्या रेघा कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी आहेत. त्या रात्री टोनही, म्हणजे चेटकीण, मंत्र साधते, अशी समजूत आहे.

पुढचे कॅरल यांच्या पुस्तकात शिरल्यासारखे घडते. गावात एखादे मूल सुकत जाते किंवा लागोपाठ दोन जनावरे मरतात. बैग्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावले जाते आणि तो कधी नाव घेतो, कधी घराची दिशा सांगतो. मग गावाची खात्री पटवणे सुरू होते. फरक इथे पडतो. क्रूसाने कपाळ भाजण्याची सोय नसल्यामुळे पुरावा तयार करावा लागतो. बाईला मारतात, मार असह्य झाला की ती हो म्हणते आणि तो कबुलीजबाब ठरतो. नंतर मूल बरे झाले तर टोनही खरी होती, आणि मूल गेले तर तिने जाता जाता डाव साधला. कोणताही निकाल लागला तरी सिद्धांत शाबूत राहतो.

सप्टेंबर 2024 मध्ये बलौदाबाजार जिल्ह्यातल्या कसडोल भागात जादूटोण्याच्या संशयावरून एकाच कुटुंबातल्या चार जणांना ठार करण्यात आले. त्यांत एक तान्हे मूल होते. काही दिवसांतच सुकमा जिल्ह्यात कोंट्याकडे पाच जणांचा तसाच बळी गेला. सुकमा दूर बस्तरात आहे, पण बलौदाबाजार 2012 पर्यंत रायपूर जिल्ह्याचाच भाग होता.

यावर कोणी म्हणेल की कुठे कार्पेथियन पर्वतातला सरदार आणि कुठे छत्तीसगडची म्हातारी. पण सरदार हा नंतरचा शोध आहे. युरोपातल्या ज्या नोंदींवरून ही कथा जन्मली, त्यांत मेलेले साधे शेतकरी आहेत, शेजारीपाजारी आहेत. 1725 मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर प्लोगोयोविट्झ नावाचा माणूस वारला आणि पाठोपाठ आठ दिवसांत नऊ जण गेले. गावकऱ्यांनी थडगे उकरायचे ठरवले. फ्रॉमबाल्ड नावाचा ऑस्ट्रियन अधिकारी वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत थांबा म्हणत होता. तोवर गाव रिकामे होईल, आम्ही निघून जाऊ, असे त्याला ऐकवण्यात आले. शेवटी तो त्यांच्याबरोबर गेला. प्रेत फारसे कुजलेले नव्हते, तोंडाशी रक्त होते, नखे नवी आल्यासारखी दिसत होती. मेख ठोकून ते जाळण्यात आले. थंड मातीत प्रेत हळू कुजते, पोटातल्या वायूने रक्तासारखा द्रव तोंडाशी येतो, कातडी सरकली की खालचा ताजा थर दिसतो, हे आज न्यायवैद्यकाचा विद्यार्थी सांगेल. त्या दिवशी फ्रॉमबाल्ड एकटा होता आणि गाव मोठे होते.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्झीटर गावी 1892 मध्ये, म्हणजे स्टोकरची कादंबरी येण्याच्या पाच वर्षे आधी, क्षयाने गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मर्सी ब्राऊनचे थडगे उकरले. काळीज काढून जाळले आणि ती राख पाण्यात कालवून तिच्या क्षयी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. उपाय फसला, तरी गोष्ट मर्सीचीच सांगत राहिले.

या शेजाऱ्याला बढती दिली ती जॉन पोलिडोरी याने. 1819 च्या 'द व्हॅम्पायर'मध्ये लॉर्ड रुथवेन आला आणि रक्त पिणारा खेड्याच्या स्मशानातून उठून किल्ल्यात राहायला गेला. गॉथिक कथेचे हे उपकार मोठेच. रक्त शोषणारा कोण, तर जमीन आणि सत्ता ज्याच्या हाती आहे तो, हे उत्तर निदान समाजाच्या उतरंडीच्या दृष्टीने बरोबर होते. छत्तीसगडच्या खेड्यात गावच्या दाऊला, म्हणजे जमीनदाराला, कोणी टोनहा ठरवत नाही. नाव निघते ते बहुधा विधवेचे, एकटीचे, जिच्या बाजूने भांडायला घरात माणूस नाही किंवा जिच्या तुकड्यावर भावकीचा डोळा आहे तिचे. तरीही गॉथिक कथेने एक गोष्ट खेड्यातून जशीच्या तशी उचलली: जाणत्या माणसाचे बोट. व्हॅन हेल्सिंगकडे पदव्या आहेत, बैग्याकडे नाहीत. ते बोट दाखवल्यावर शंका घेणाऱ्याला दोन्हीकडे जागा नाही.

मारिया तेरेझा या ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीने 1755 मध्ये गेरार्ड व्हान स्विटेन या आपल्या राजवैद्याचा अहवाल वाचून थडगी उकरणे, मेखा ठोकणे, प्रेते जाळणे यांवर बंदी घातली. बरोबर अडीचशे वर्षांनी, 2005 मध्ये, रायपूरला छत्तीसगड टोनही प्रताडना निवारण अधिनियम आला. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. छत्तीसगडच्या कायद्याची रचना कथानकाच्या अंगाने पाहिली तर हुशारीची आहे. छळ झाल्यावर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच, पण एखाद्या बाईला नुसते टोनही ठरवले तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा सामन्याची वाट पाहत नाही, नाव घेतले जाते त्या दुसऱ्याच टप्प्यावर हात घालतो. अंमलबजावणी तितकी हुशार असती तर कसडोल घडले नसते.

रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीतर्फे वर्षानुवर्षे 'कोई नारी टोनही नहीं' हे अभियान चालवतात आणि हरेलीच्या रात्री कार्यकर्त्यांसह खेड्यांतून फिरतात. मंत्र साधणारी बाई अर्थातच कुठे दिसत नाही. पटकथालेखकाला विचारले तर तो म्हणेल, ही रात्र पडद्यावर चालणार नाही, काही घडतच नाही. हे म्हणणे आळशीपणाचे आहे. जॉर्ज रोमेरो यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस 'मार्टिन'मध्ये ते खोटे पाडले होते. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या मोडकळीला आलेल्या पोलादाच्या गावी म्हातारा कूडा आपल्या नात्यातल्या पोराला नोस्फेराटू समजतो. पोरगा त्याच्यासमोर लसूण चावून दाखवतो, क्रूस चेहऱ्याला लावतो. काही होत नाही आणि म्हाताऱ्याचे मत बदलतही नाही. मार्टिन निरपराध नाही, त्याने खून केलेले आहेत. पण कूडा त्याच्या छातीत मेख ठोकतो ती एका बाईच्या आत्महत्येचा आळ घेऊन.

अन्विता दत्त यांच्या 'बुलबुल'ने (2020) पुराव्यावरच बोट ठेवले. बंगालच्या त्या हवेलीतल्या चुडैलीचे पाय उलटे आहेत, आणि ते तसे का झाले हे चित्रपट दाखवतो. नवऱ्याने लोखंडी सळईने ते मोडले होते. गाव ज्याला चुडैलीची खूण समजते ती मारहाणीची जखम असते. भारतीय भीतिपटात एवढी नेमकी कल्पना क्वचितच सुचली असेल. पण बुलबुललाही शेवटी खरोखरची चुडैल व्हावे लागतेच.

उरलेले पाऊल छत्तीसगडच्या चित्रपटसृष्टीने टाकावे. मनोज वर्मा यांच्या 'भूलन द मेज'ने, पाय पडला की वाट चुकवणाऱ्या वनस्पतीच्या लोकसमजुतीतून न्यायव्यवस्थेची कथा काढली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. म्हणजे लोकसमजूत हाताळायची अक्कल इथे आहे. हरेलीच्या एका रात्रीचा चित्रपट रायपूरने काढावा, आणि त्यात शंका घेणारा डॉक्टर बरोबर निघावा. मल्टिप्लेक्सच्या आधी तो कसडोलच्या आठवडी बाजारात पडदा लावून दाखवावा.