दगडफुलाची बिअर

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजाची नजर महसुलावर आहे हे त्यात कुठेही लपत नाही. परंतु मध्येच एक सवलत येते. गृहस्थांनी घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक असावी. प्रा. कंगले यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीत हे कलम मी फार पूर्वी वाचले होते आणि विसरूनही गेलो होतो. गेल्या हिवाळ्यात भाच्यामुळे ते पुन्हा उघडून पाहावे लागले.

भाचा अमेरिकेत असतो. सुट्टीत आला आणि म्हणाला, "मामा, अफझलगंजला याल का माझ्याबरोबर? दगडफूल घ्यायचंय." आपल्या भागातल्या माणसांना अफझलगंज सांगावे लागत नाही. बिदर, नांदेड, आदिलाबादकडची कुटुंबे लग्नाची यादी घेऊन तिथूनच बेगमबाजारात शिरत आली आहेत. पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाची ही जुनी धान्यपेठ. बहिणीला वाटले, पोरगा काळा मसाला करून नेतो आहे. त्याला बिअर करायची होती!

घरी बिअर करणे हा तिकडे कायदेशीर छंद आहे. १९७८ साली झालेल्या कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, स्वतःपुरती करता येते. विकता मात्र एक बाटलीही येत नाही. (गणिताच्या मास्तराने भागाकार करून पाहावा. रोज एक लिटरहून जास्त! हे काही कौटिल्याचे 'कार्यप्रसंग' नव्हेत. मी तसे म्हटल्यावर भाचा हसला. तो वर्षाला साठेक लिटर करतो आणि निम्मी वाटून टाकतो.) इतके दिवस त्याने पुस्तकातल्या कृती बरहुकूम केल्या. आता त्याला एक 'स्वतःची' कृती हवी होती.

त्याची रीत मला आवडली, हे कबूल केले पाहिजे. मोड आणून वाळवलेला जव गरम पाण्यात मुरवायचा, गोड पाणी निथळून घ्यायचे, कडूपणासाठी हॉप्सची फुले घालून ते तासभर उकळायचे, निववून यीस्ट घालायचे आणि दोन आठवडे आंबू द्यायचे. मसाला शेवटच्या पाच मिनिटांत. पण सगळ्या वीस लिटरांत एकदम काहीही टाकायचे नाही. साधी बिअर आधी तयार करून चार बरण्यांत वाटायची. एकीत धने, एकीत चिंच, एकीत मिरी, एकीत दगडफूल. दगडफूल व्होडकात भिजवून त्याचा अर्क थेंबाथेंबाने पेल्यात घालून चाखायचा, थेंब मोजायचे, वहीत मांडायचे आणि मग त्या हिशेबाने मोठ्या भांड्यात. पहिल्या खेपेची दगडफुलाची बरणी ओल्या भिंतीसारखी लागली. ती त्याने मोरीत ओतली. दुसऱ्या खेपेला प्रमाण निम्म्यावर आणले, जोडीला आपले लांबट धने भरडून घातले, आणि जमले म्हणतो.

आता यात त्याचे काय? धने तर मुळीच नाहीत. बेल्जियममध्ये गव्हाच्या पांढऱ्या बिअरमध्ये धने आणि कडू संत्र्याची साल घालण्याची जुनी चाल आहे. हुगार्डन गावात ती मोडली होती, ती पिएर सेलिस नावाच्या गृहस्थाने १९६६ च्या सुमारास पुन्हा सुरू केली. तिकडे बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायला बंदी. म्हणजे एका गावाचा नित्याचा मसाला तो शेजारच्या मुलखात अपराध. आणि कौटिल्याच्या मैरेयात गूळ, मिरी, पिंपळी, त्रिफळा अशी यादी आहे. आजीच्या काढ्याची वाटावी! राहिले दगडफूल. पण धने किती आणि दगडफूल किती, हे प्रमाण त्याने आईच्या मसाल्यावरूनच उचलले. बाटलीच्या चिठ्ठीवर आईचे नाव घालावे, असे मी सुचवले. बहीण कडाडली, "माझं नाव दारूच्या बाटलीवर? खबरदार!" जिची कृती, तिलाच ती नको.

नवेपणाचा हा मान मला तसा किरकोळ वाटतो. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते चिठ्ठीवरचे बाकीचे शब्द: काय काय घातले, किती टक्के मद्य, कोणत्या तारखेला भरले. कारण पेयात काही 'वेगळे' घालण्याची विद्या आपल्या भागात अन्य लोकांनाही अवगत आहे. पातळ शिंदी चढत नाही म्हणून तीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम घालतात. २०२५ च्या जुलैत हैदराबादच्या कुकटपल्ली भागात अशा भेसळीच्या ताडीने माणसे दगावली. तिथेही कुणीतरी प्रमाण ठरवलेच असेल. किती टाकले म्हणजे गिऱ्हाईक उद्या पुन्हा येते, याचा अंदाज घेतलाच असेल. फक्त पहिला पेला स्वतः घेतला नसेल, आणि कुठे लिहिलेही नसेल.

इतके म्हणून थांबता आले असते तर बरे होते. पण आदिलाबादकडच्या गोंड घरांत मोहाची दारू देवापुढे ठेवतात. कोणते फूल किती वाळवावे, कधी भिजवावे, हे तिथल्या बाईला ठाऊक असते. वही नसते, इतकेच. मुंबई सरकारने १८९२ साली मोहाच्या कायद्याने फुले गोळा करण्यावरच निर्बंध घातले. पुण्यात २००९ पासून परवान्याने ताजी बिअर गाळून पेल्याच्या भावाने विकतात. भाच्याच्या वहीत जी 'कृती', ती पंचनाम्यात 'मुद्देमाल' होते. हा भेद पेयाचा नसून माणसाचा आहे, असे मला वाटते, आणि ते मला पटत नाही.

तरी त्या मडक्याचे गोडवे गाणेही मला जमत नाही. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायका साऱ्याविरुद्ध उठल्या; १९९३ मध्ये सारा बंद झाला, १९९५ मध्ये आंध्रात पूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती उठलीही. त्या बायकांनी साऱ्यात काय घातले आहे, हे विचारले नव्हते. मजुरी कुठे गेली, एवढेच विचारले होते. स्वच्छ, नितळ, नाव लिहिलेल्या दारूलाही हा प्रश्न चुकत नाही.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. मोहाची दारू गाळते म्हणून त्याच्या आईवर खटला झाला, दंड झाला. बाप त्याच दिवसांत सरकारी परवान्याच्या दुकानासमोर पडलेला असे. नागरिकशास्त्राच्या तासाला त्याने एकदा विचारले, "सर, या दोघांत गुन्हा कोणाचा?" वर्ग हसला नाही. मी फळ्यावर लिहीत होतो. लिहायचे थांबलो, आणि त्याला म्हटले, बस, आपण यावर बोलू. त्या दिवशी कायद्यातला फरक त्याला समजावून सांगितला. तो त्याला समजला. पटला नाही, हे दिसत होते.