बदललेले बटण आणि तेच वाद्य

जुन्या सिंथेसायझरचे बटण झिजते तेव्हा बहुधा वरची टोपी शाबूत असते. बिघडतो तो खालचा चिमुकला स्विच. त्यातली धातूची पातळ घुमटी दाबली की दोन टोके जोडली जातात. गंज आणि धूळ साचली की एका दाबाला प्रतिसाद येत नाही, किंवा दोनदा येतो. सोल्डर वितळवून जुना स्विच काढतात आणि त्याच उंचीचा नवा बसवतात. स्वरपट्ट्यांखालचे रबरी संपर्क मात्र अनेकदा नुसते पुसूनही चालतात.

असे सगळेच स्विच बदलले, तर वाद्य तेच राहते का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देतो: चाक, आस, जू यांपैकी काहीच रथ नव्हे, त्यांच्या जुळणीला दिलेले नाव म्हणजे रथ. न्याय-वैशेषिक दर्शनांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उपजते. ही भूमिका काटेकोर आहे, तरी वादकाच्या अनुभवाला ती पुरत नाही.

वादक वाद्य ओळखतो ते त्याच्या स्वररंगांवरून. यामाहाच्या 1983 च्या डीएक्स7 या सिंथेसायझरमध्ये साठवलेले स्वररंग स्मृतीत अंकरूपाने असतात आणि एका छोट्या बॅटरीवर टिकतात. सगळी बटणे बदलूनही ते जसेच्या तसे राहतात. बॅटरी संपली, तर एकही बटण न बदलता ते पुसले जातात.