पैसे माझे, शब्द त्याचा

परवा साल्हेर चढायचाय. राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. धरणगावच्या घरात सॅक भरतोय: तीन लिटर पाणी, कळण्याची भाकरी, ठेचा, टॉर्च. वाटाड्या तिथलाच ठरवलाय. पैसे मी देणार; मग डोंगरावर हुकूम कुणाचा?

१८२५ साली याच धरणगावात ठाणं करून जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. डोंगर ठाऊक असलेली माणसं पगारावर घेतली, हुकूम मात्र कंपनीचा.

आपणही वाटाड्याचे फक्त पाय विकत घेतो का? मला वाटतं, त्याच्या नकाराचेही पैसे द्यायचे असतात. ढग बघून तो 'मागं फिरा' म्हणाला, तर माथा समोर दिसत असला तरी फिरायचं. ठरलेले पैसे पूर्ण द्यायचे. हे घरातच ठरवून निघावं. माथ्याजवळ फक्त हौस बोलते.