आजार हे गतजन्मीचे पाप आहे काय?



घरात कोणी आजारी पडले की एक वाक्य हमखास कानावर येते : "गेल्या जन्मीचं काहीतरी असेल." आपण धम्म स्वीकारला, देव्हारे हलवले. पण हे वाक्य आपल्या मनातून गेले आहे काय? तुम्हाला विचारण्याआधी हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागला.

मी धारूरचा, पेशाने शिक्षक. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आईवडिलांचा जन्म ऊसतोडीत गेला. दोन वर्षांपूर्वी आईला धाप लागू लागली, छाती धडधडू लागली. नाडीवर बोट ठेवले तर ठोक्यांना ताल नाही. दोन घाईने, एक उशिरा, एक हरवलेला. नातेवाइकांनी नवस सुचवला. आई नवस बोलली नाही, पण रात्री मला म्हणाली, "म्या काय पाप केलं आसंल रं, बाळा?" पदवीधर मुलगा निरुत्तर झाला.

उत्तर इस्पितळात मिळाले. डॉक्टरांनी विचारले, "लहानपणी घसा दुखून ताप आला होता का? सांधे सुजले होते का?" आईला आठवले. ती नऊ-दहा वर्षांची असताना साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत, असा ताप आला होता. आजी-आजोबा पहाटेच फडात जात. मुकादमाची उचल फिटायची होती. खाडा परवडत नव्हता. औषध झालेच नाही.

या आजाराला संधिवाताचा ताप म्हणतात. एक जंतू घशात शिरतो. त्याच्याशी लढणारी शरीराची शक्ती चुकून हृदयाच्या झडपांवरच उलटते. दाटीवाटीच्या वस्तीत हा जंतू सहज पसरतो. पुढे वर्षानुवर्षे झडप अरुंद होत जाते, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो आणि ठोका चालवणारी विजेची लहर विस्कटते. कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. तेथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर लकवा.

आधी फुगा घालून आईची झडप रुंद करण्यात आली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालूच होत्या. मग ठोका सुधारण्यासाठी विजेचा झटका देण्याचे ठरले. ही पद्धत १९६२ साली अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी रूढ केली. झटक्याआधी निदान तीन आठवडे गोळ्या नियमित घ्याव्या लागतात. त्या दिवशी अन्ननलिकेतून यंत्र घालून कप्प्यात गुठळी नाही ना, हे पाहिले. थोडा वेळ भूल दिली, छातीवर पट्ट्या लावल्या आणि ठोक्याशी वेळ जुळवून क्षणभर वीज सोडली. पडद्यावरची वेडीवाकडी रेघ सरळ चालीने चालू लागली. संध्याकाळी आईने विचारले, "मंग ते पाप नव्हतं ना रं?"

नव्हते, आई. ते कारण होते. आणि कारण गेल्या जन्मात नव्हते, याच जन्मातल्या कोपीत होते.

वाचकहो, संयुक्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे : माणसाला होणारे सुखदुःख सारे पूर्वकर्मामुळेच होते काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, या तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली. कर्मविपाक आठांतले केवळ एक. सारे काही पूर्वकर्मच म्हणणे त्यांनी चूक ठरवले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी याची सामाजिक बाजू दाखवली आहे. दरिद्री माणसाची स्थिती त्याच्या गतजन्मावर ढकलली की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात. आईला पापी ठरवले, की मग कोपीबद्दल, उचलीबद्दल, फडापासून दूर असलेल्या दवाखान्याबद्दल कोणाला जाब विचारायचा?

पण येथे आपली सुटका होते असे समजू नका. पाप मानले की हात जोडून बसता येते. कारण कळले की काम अंगावर येते. मुलाचा घसा दुखून ताप आला तर त्याला डॉक्टरांना दाखवा. जंतूचा घसा असेल तर वेळेवर घेतलेले साधे पेनिसिलिन हृदय वाचवू शकते. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेला असेल तर डॉक्टर सांगतील तितकी वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या भावाबहिणींच्या लेकरांची चौकशी करा. ती कोणत्या तळावर आहेत, आजारी पडली तर कोण पाहील, हे विचारा.

आईचा ठोका पुन्हा बिघडणारच नाही, अशी हमी डॉक्टरांनी दिलेली नाही. सारे अनित्य आहे; आपण ते मान्य केले आहे. ती रोज सांजच्याला गोळी घेते, ठरल्या दिवशी रक्त तपासून घेते. मात्र पापाचा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही. छातीवरचे ते ओझे विजेने उतरवलेले नाही, कारण कळल्याने उतरले आहे.

तुमच्या घरातही असे ओझे घेऊन कोणी बसले असेल. आज त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना सांगा.