मोजणाऱ्याचा हिशेब

नोव्हेंबर संपत आला की लोणावळ्याच्या माथ्यावरून अमूर ससाणे जाऊ लागतात. वजनाने कबुतराच्या निम्मा असलेला हा पक्षी सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो, ईशान्य भारतात काही दिवस विसावतो आणि मग सारा देश ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत आपल्या घाटमाथ्यावर तो चतुर आणि इतर किडे टिपतो. हे बघायला आम्ही काही मित्र दरवर्षी जातो. सोबत एक जुनी दुर्बीण, चहाचा थर्मास आणि एक शंभरपानी वही असते. वहीत तारीख, वेळ, वारा आणि आकडा लिहायचा, एवढेच आमचे काम.

एका संध्याकाळी दरीवर मोठा थवा आला. पक्षी एकमेकांत मिसळत होते, फिरून येत होते आणि उजेड कमी होत होता. आमच्यापैकी एकाची मोजणी १४० भरली, दुसऱ्याची १९०. थवा तर निघून गेला होता. तेव्हा कुणीतरी म्हणाले, "दोनशे लिही रे, इथे तपासायला कोण येतंय?" आम्ही हसलो आणि दोनशे लिहिले.

परतीच्या गाडीत मात्र ते वाक्य मनातून जाईना. तपासायला कोण येतंय? खरोखरच कोणी येणार नव्हते. खोट्या आकड्याने कुणाचे पोट मारले जाणार नव्हते, कुणाची अब्रू जाणार नव्हती. मग आम्हांला अपराधी का वाटत होते? ज्या खोटेपणाचा कुणालाच त्रास नाही, तो खोटेपणा म्हणावा का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला फार दूरच्या एका डोंगराची गोष्ट उपयोगी पडली.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे. तिच्यावर सुमारे दीड हजार फूट उंचीचा एक खडकाळ माथा आहे. त्याला हॉक माउंटन म्हणतात. पानगळीच्या दिवसांत वारा या रांगेवर आपटून वर चढतो आणि दक्षिणेकडे निघालेले गरुड, बाज, ससाणे त्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत जातात. ताकद वाचते, म्हणून ते रांग सोडत नाहीत. पण याच सोयीमुळे ते माणसाच्या टप्प्यात येत. लोक बंदुका घेऊन माथ्यावर बसत आणि दिवसभर गोळ्या झाडत. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे आणि पाखरांचे वैरी, अशीच तेव्हा सर्वत्र समजूत होती. १९२९ मध्ये तर सरकारने एका जातीच्या मोठ्या बाजाला मारण्याबद्दल ५ डॉलर इनाम लावले. १९३२ मध्ये रिचर्ड पाऊ नावाचे गृहस्थ तिथे गेले. त्यांनी मेलेले पक्षी जंगलातून गोळा केले, जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांची छायाचित्रे काढली.

ती छायाचित्रे पाहून न्यूयॉर्कच्या रोझली एज अस्वस्थ झाल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली ही बाई. १९३४ मध्ये त्यांनी डोंगरावरची सुमारे १४०० एकर जमीन भाड्याने घेतली आणि मॉरिस ब्राउन व त्यांची पत्नी इर्मा यांना रखवालदार म्हणून नेमले. इर्मा खाली फाटकाशी उभ्या राहत, मॉरिस वर जात. बंदुका थांबल्या. आता वर बसून करायचे काय? मॉरिस पक्षी मोजू लागले. ज्या खडकावर बसून लोक नेम धरत, त्याच खडकावर वही उघडली गेली.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. मोजत तर शिकारीही असतील. आज किती पाडले, काल किती, कुणी जास्त. पण ती मोजणी पक्ष्यांचा हिशेब घेणारी होती. त्या खडकावर आता दुसऱ्या प्रकारची मोजणी सुरू झाली. तीत मोजणाऱ्यालाच हिशेब द्यायचा असतो. मी इथे होतो, इतका वेळ होतो, हवा अशी होती आणि मला हे दिसले, अशी ती साक्ष आहे. पहिल्या मोजणीत पक्षी हातात येतो. दुसरीत हाती काहीच येत नाही, फक्त जबाबदारी येते.

हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. सप्टेंबरच्या मध्यास तिथे रुंद पंखांचे बाज हजारोंनी येतात. गरम हवेच्या स्तंभात ते गोल गोल फिरत वर चढतात, तेव्हा मोजायला गेले तर तोच पक्षी दोनदा मोजला जातो. म्हणून वाट बघावी लागते. स्तंभाच्या टोकाला पोचून ते एकामागे एक पुढे सुटतात, त्या क्षणी मोजायचे. म्हणजे डोळ्यांइतकाच धीर लागतो. नोव्हेंबरात उलट प्रकार. थंडीत तासन् तास बसावे तेव्हा एखादा सोनेरी गरुड दिसतो, कधी तोही दिसत नाही. त्या तासापुढे शून्य लिहायचे.

या शून्याचे मोल आम्हांला फार उशिरा कळले. दुसऱ्या महायुद्धात मॉरिस ब्राउन सैन्यात गेले आणि १९४३ ते १९४५ या वर्षांची मोजणी राहिली. त्या वर्षांचे रकाने रिकामे आहेत. रिकामा रकाना सांगतो की साक्षीदार नव्हता. शून्य सांगते की साक्षीदार होता, पक्षी नव्हता. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्या रिकाम्या वर्षांत अंदाजाने आकडे भरणे अवघड नव्हते. ते भरले गेले नाहीत, हेच त्या वहीचे इमान.

या इमानाचा उपयोग काय झाला? महायुद्धानंतर अमेरिकेत डीडीटीची फवारणी सर्रास होऊ लागली. त्या काळात डोंगरावरचे मोजणारे जुन्या पद्धतीनेच पांढऱ्या डोक्याचे गरुड मोजत होते आणि पूर्ण वाढलेले किती, कोवळे किती, हेही लिहीत होते. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांत ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले. १९५७ मध्ये तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच कोवळा दिसला. म्हणजे म्हातारे उडत होते, पण घरट्यांत पिल्ले वाढत नव्हती. १९६२ साली रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हे आकडे पुरावा म्हणून मांडले. या विषाने अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढे संशोधनातून सिद्ध झाले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि २००७ मध्ये हा गरुड तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

१९३५ साली खडकावर बसलेल्या माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते. डीडीटी अजून शेतांत आलेच नव्हते. आपला आकडा वीस-पंचवीस वर्षांनी कुठल्या खटल्यात उभा राहील, हे त्याला कसे कळावे? "या खोट्याने कुणाचे नुकसान?" हा प्रश्नच म्हणून चुकीचा आहे. त्याचे उत्तर देण्याइतके भविष्य आपल्या हातात नसते. आकडा ही अमानत आहे. ती कुणाची हे ठाऊक नसले, तरी ती आपली नाही एवढे नक्की.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हांला खरा वाटतो. मोजणारे पोटभर जेवून डोंगरावर येतात. खालच्या माणसाचे काय? जॉर्जियात काळ्या समुद्राच्या काठी, बातुमीजवळ, याची परीक्षा होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. पाण्यावर गरम हवेचे स्तंभ नसतात, म्हणून मोहोळघारी, घारी, गरुड त्या अरुंद पट्टीतून जातात. एका हंगामात दहा लाखांहून अधिक! साखालवाशो आणि शुआम्ता या गावांच्या वरच्या टेकड्यांवर २००८ पासून युरोपातली तरुण मुले त्यांची मोजणी करतात. तिथले अजारी लोक, त्यांत अनेक मुसलमान, पिढ्यान् पिढ्या शरदात पक्षी धरत आले आहेत. खाटीक पक्ष्याचे आमिष दाखवून ते छोटा बाज पकडतात, त्याला माणसाळवतात आणि लाव्यांची शिकार करतात. पण बंदुकीने बाज-घारी पाडणारेही तिथे आहेत. बाहेरून आलेल्याने दुर्बीण लावून त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. मोजणाऱ्यांनी त्याच गावातल्या घरांत पैसे देऊन राहायला सुरुवात केली, त्यांच्या ताटात जेवले. त्याने सगळ्या बंदुका थांबल्या नाहीत. तरीही जिवंत पक्ष्यामुळे गावात चार पैसे येऊ शकतात, हे दिसले.

आपल्याच देशात नागालँडच्या दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये हेच आमचे अमूर ससाणे जाळी लावून लाखाच्या घरात मारले गेले. २०१३ मध्ये पांगती आणि आसपासच्या गावांनी स्वतः ठरवले आणि ती कत्तल थांबली. मिळकत सोडणारे ते मच्छीमार होते, दुर्बीणवाले नव्हते. हा हिशेब मोजणाऱ्याने विसरू नये.

आणि बंदूकवाल्याला कायमचा परका मानण्याचेही कारण नाही. मुंबईचे सालिम अली लहानपणी छर्ऱ्याची बंदूक घेऊन चिमण्या मारत. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती, हे विचारायला तो मुलगा मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथून पुढे त्याचे सारे आयुष्य पाखरांना वाहिले गेले. मारणारा आणि मोजणारा यांच्यामध्ये कधी कधी एका प्रश्नाचेच अंतर असते.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा लोणावळ्याला गेलो. चढण्याआधी टपरीवर वही उघडली. दोनशे हा आकडा खोडला, पण वाचता येईल असा खोडला. बाजूला लिहिले: एकाची मोजणी १४०, दुसऱ्याची १९०, उजेड कमी, थवा फिरत होता, खात्री नाही. पान विद्रूप झाले. मग वर जाऊन बसलो. सूर्य बुडेपर्यंत एकही ससाणा आला नाही. आम्ही तारीख घातली, वारा लिहिला आणि त्यापुढे शून्य मांडले.